ओझी वाहणारे

मिग-२१ला वायुदलाने निरोप दिला तो दिवस, २६ सप्टेंबर २०२५, मी संभाजीनगरच्या घरी टीव्हीसमोर बसून काढला. चंदीगडच्या धावपट्टीवर शेवटची विमानं उतरली, त्यांच्यावर पाण्याचे फवारे उडाले आणि माझे डोळे भरून आले. ओझरच्या कारखान्यात बांधलेल्या त्या विमानाने मला किती वेळा सुखरूप घरी आणलं होतं! संध्याकाळी एका संपादकांचा फोन आला. ‘तुम्ही लढाऊ वैमानिक. या विमानावर आमच्यासाठी लिहा.’ मी हो म्हटलं, कागद पुढे ओढला आणि लिहिलं, ‘आम्ही लढाऊ वैमानिक’. तिथेच पेन थांबलं.

या दोन शब्दांपायी मी एका मित्राशी जे वागलो, ते आधी लिहून मोकळं झाल्याशिवाय मला त्या विमानावर लिहिता येणार नाही. म्हणून विमानावरचा लेख बाजूला ठेवून हे लिहितो आहे.

२००४ची जानेवारी. मी वायुदल सोडून वर्षही झालं नव्हतं. पैठण रस्त्यावर एका स्नेह्याच्या शेतात हुरड्याला जमलो होतो. आगटीभोवती बसलेलो आम्ही चौघे वायुदलाचे, बाकी नातेवाईक, लेकरंबाळं. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ १९७१च्या युद्धात मालवाहू विमानांवर होते, त्यांना आम्ही सगळे ‘सर’च म्हणायचो. दोघे हेलिकॉप्टरवाले. त्यांतला एक माझा शाळेपासूनचा मित्र. चौथा मी, एकटा फायटरचा.

विषय निघाला तो एका यादीमुळे. शहरातल्या एका मंडळाला प्रजासत्ताक दिनी ‘युद्धात उड्डाण केलेल्या’ वैमानिकांचा सत्कार करायचा होता आणि नावं काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. आगटीतली कणसं चोळताचोळता सरांनी सहज विचारलं, ‘मग, कुणाकुणाला धरलंस?’

मी म्हणालो, ‘सर, लढाऊ उड्डाण ज्यांनी केलं त्यांना.’

‘म्हणजे कुणाला?’

माझी व्याख्या तयारच होती. ज्याच्या बोटाखाली ट्रिगर आहे आणि तो दाबायचा अधिकार ज्याला दिलाय, तो लढाऊ. बाकी सगळे त्याच्या मागे उभे राहून मदत करणारे. मदत मोलाची, पण मदतच. हे मी अगदी प्रामाणिकपणे, शिकवल्यासारखं सांगितलं.

सर रागावले नाहीत. ते टांगाईलला गेलेल्या विमानांपैकी एकावर होते. ११ डिसेंबर १९७१ला पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण तिथे उतरवली, अँटोनोव्ह-१२, पॅकेट, कॅरिबू, डकोटा अशी पन्नासच्या आसपास विमानं होती. ते म्हणाले, ‘पोरं उडी मारत असताना विमान सरळ ठेवावं लागतं. एका उंचीवर, एका वेगाने, दार उघडं. खालून कुणी बंदूक रोखली तरी वळायची सोय नाही, वळलो तर पोरं भलतीकडे पडतील. तुझ्या मिगला वळता तरी येतं.’ एवढं बोलून त्यांनी हुरड्याचा घास तोंडात टाकला.

मित्र मात्र बोलला. ‘म्हणजे गोळी झाडणारा लढतो आणि गोळी खाणारा लढत नाही, असंच ना?’

आणि मी त्याला म्हणालो, ‘तू ओझी वाहिलीस. शूरपणाने वाहिलीस, मी नाही म्हणत नाही. पण ओझीच वाहिलीस.’

तो माझ्याकडे क्षणभर बघत राहिला आणि ‘बरं’ म्हणाला. मग उठून लेकरांना गूळ द्यायला गेला.

यादीत मी त्याचं नाव घातलं नाही. सरांचंही नाही. माझं घातलं. २६ जानेवारीला शाल-श्रीफळ घेताना समोर पाहिलं, तर तिसऱ्या रांगेत तो बसला होता आणि टाळ्या वाजवत होता.

आता जे सांगायचं ते सांगतो. माझ्या संपूर्ण नोकरीत मी शत्रूवर एक गोळी झाडलेली नाही आणि माझ्यावर कुणी झाडलेली नाही. माझ्या लॉगबुकात दोन हजारांवर तास आहेत, पण कुठल्याच ओळीत युद्ध नाही. १९७१ला मी शाळेत होतो. १९९९ला कारगिल झालं तेव्हा मी बीदरला प्रशिक्षक होतो, पोरांना लँडिंग शिकवत होतो. मित्र १९८७च्या ऑक्टोबरात जाफन्यात होता. पुढे तो सियाचिनला होता. आमच्या दोघांत युद्ध पाहिलेला तो होता, आणि युद्धात उड्डाण केलेला म्हणून शाल मी घेतली.

हे असं का झालं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आम्ही दोघे याच शहरातल्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत शिकलो. महाराष्ट्र शासनाने १९७७ साली ती काढली, अकरावी-बारावीच्या पोरांना एनडीएसाठी तयार करायला. सगळे ‘एसपीआय’ म्हणतात. तिच्या सुरुवातीच्या तुकड्यांतले आम्ही. तिथून खडकवासला, तिथून हैदराबादजवळ वायुदलाच्या प्रशिक्षणाला. आणि मग एक दिवस येतो, ज्या दिवशी फलकावर नावं लागतात. कुणाला फायटर, कुणाला ट्रान्सपोर्ट, कुणाला हेलिकॉप्टर. त्या दिवशी मला फायटर मिळालं आणि त्याला हेलिकॉप्टर. रात्री मेसमध्ये मी त्याची समजूत काढली होती. आज आठवलं की वाटतं, समजूत काढण्यासारखं त्यात काय होतं? पण तेव्हा ते कुणालाच वावगं वाटलं नाही, त्यालाही नाही. वायुदलाच्या प्रमुखपदापर्यंत पोचलेली आपली मराठी माणसं, मुळगावकर, टिपणीस, नाईक आणि आपल्या नांदेड जिल्ह्यातले विवेक राम चौधरी, ही सगळी फायटरचीच. वर बघावं तर तीच वाट दिसायची.

आणि आपली भाषाही त्याच बाजूने बोलते. टिकतं ते टिकाऊ, लढतं ते लढाऊ. ‘लढाऊ विमान’ म्हटलं की लढण्याचा मक्ता त्या विमानाकडे गेला. दुसरं ‘मालवाहू’. मालवाहू म्हटलं की डोळ्यांपुढे ट्रक येतो, धक्क्यावरचा हमाल येतो. माझी आई शेजारणींना सांगायची, ‘माझा लढाऊ विमानावर आहे.’ मित्राची आई सांगायची, ‘तो पण विमानातच आहे, हेलिकॉप्टर चालवतो.’ त्या ‘पण’मध्ये सगळं आलं. इंग्रजीतही ‘फायटर’ आहेच, पण तिथे तो निदान विमानाच्या जातीचा शब्द आहे. मराठीत आपण त्याचा माणसाचा गुण करून टाकला.

माझी अडचण आणखी खोल होती. पंजाबातल्या एका तळावर मी कित्येक महिने ओआरपीवर बसलो आहे. ओआरपी म्हणजे धावपट्टीच्या टोकाशी तयार ठेवलेली विमानं. हुकूम आला की मोजक्या मिनिटांत आकाशात. कधीकधी पट्टे आवळून कॉकपिटमध्येच बसवून ठेवत. जूनचं ऊन, अंगावर जी-सूट, पत्रा तापलेला, कानांत फक्त खरखर. तीन-चार वेळा हुकूम आलाही. झेपावलो, रडारवर दिसलेल्या अनोळखी ठिपक्यापर्यंत गेलो, दर वेळी ते वाट चुकलेलं प्रवासी विमान निघालं. परत उतरलो. या उड्डाणांना मी मनात ‘लढाऊ’ धरत होतो. गोळी झाडली नव्हती, पण झाडायला निघालो होतो, हा माझा आधार. यादीत माझं नाव मी याच आधारावर घातलं होतं. म्हणजे जमिनीवर बसून वाट पाहणं मला लढाईत धरायचं होतं आणि मित्राचं जाफन्यातलं उड्डाण धरायचं नव्हतं.

जाफना थोडं सांगायला हवं, कारण ते फार कुणाला आठवत नाही. श्रीलंकेतलं ऑपरेशन पवन. ११ आणि १२ ऑक्टोबर १९८७च्या दरम्यानच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर एमआय-८ हेलिकॉप्टरांनी पॅरा कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे जवान उतरवायला घेतले. खाली एलटीटीई तयारीत बसलेली. हेलिकॉप्टरांना इतक्या गोळ्या लागल्या की पुढच्या खेपा थांबवाव्या लागल्या. शीख लाइट इन्फन्ट्रीचे तीस जवान तेवढे खाली राहिले, त्यांच्यामागून कुमक पोचलीच नाही. त्या तिसांतला एकच जिवंत राहिला. माझा मित्र त्या रात्रीच्या उड्डाणात नव्हता. त्यानंतरच्या दिवसांत तो पलालीच्या तळावरून जखमी आणत होता.

ज्याने कुणी त्या मैदानाविषयी ऐकलं आहे, त्याने ‘मालवाहू’ हा शब्द सांभाळून वापरावा. मालाच्या खेपा थांबल्या आणि तीस माणसं एकटी पडली. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असूनही मी ते माझ्या व्याख्येपर्यंत पोचू दिलं नाही.

पहिला धक्का मला देवगिरीवर बसला. २००९ असेल. दोन्ही घरची मंडळी मिळून दौलताबादचा किल्ला चढत होतो. बारादरीशी दम खायला थांबलो, तेव्हा मित्र माझ्या मुलाला गोष्ट सांगू लागला. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर अचानक चालून आला, रामदेवराव यादवांची माणसं घाईघाईने गोण्या घेऊन किल्ल्यात शिरली. धान्य आहे म्हणून निर्धास्त होते. वेढा पडल्यावर गोण्या फोडल्या, तर आत मीठ. फरिश्त्याने लिहिलेली ही कथा आमच्या इकडे प्रत्येक मुलाला ठाऊक असते.

मुलाने विचारलं, ‘काका, मग हरले?’

‘हरले. कडा शाबूत, दरवाजे शाबूत, शिपाई शाबूत. आणि गोण्यांत मीठ.’

माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. टोमणा मारावा असा त्याचा स्वभावच नाही. तो पोराला फक्त किल्ल्याची गोष्ट सांगत होता. मी मात्र उरलेल्या पायऱ्या चढताना गप्प होतो. गोण्या कुणी आणल्या होत्या, त्यांची नावं कुणाला माहीत आहेत का, असलं काहीतरी डोक्यात फिरत राहिलं.

त्यानंतर मी वाचायला लागलो. खरं तर मी व्याख्यानं द्यायचो, शाळा-कॉलेजांतून, वायुदलाच्या इतिहासावर. त्यात एक वाक्य नेहमीचं होतं : ‘१९६२ला वायुदलाला लढूच दिलं नाही.’ टाळ्या मिळायच्या. लढाऊ विमानं त्या युद्धात वापरली नाहीत, एवढं खरं आहे. पण ‘वायुदल लढलं नाही’ हे मी कुठून आणलं? नेफातल्या, म्हणजे आजच्या अरुणाचलातल्या, चौक्यांना जे काही पोचत होतं, ते आकाशातून टाकलं जात होतं. ऑक्टोबरात चुशूलच्या उंचावरच्या धावपट्टीवर अँटोनोव्ह-१२ विमानांनी एएमएक्स-१३ रणगाडे नेऊन उतरवले. रणगाडा पोटात घालून लडाखमध्ये उतरायचं, आणि मी पोरांना सांगतोय की लढले नाहीत! २० ऑक्टोबरच्या सकाळी स्क्वॉड्रन लीडर विनोद सेहगल एका छोट्या बेल हेलिकॉप्टरने सिग्नल्सच्या एका मेजरला घेऊन त्सांगधरला गेले. चिनी हल्ला सुरू झाला होता, हेलिपॅड हातचा जात होता. दोघेही परत आले नाहीत. माझ्या व्याख्येप्रमाणे सेहगल लढाईत नव्हते. मी ती व्याख्या त्यांच्या नावासमोर ठेवून पाहिली आणि मला तिची लाज वाटली.

पुढे जिकडे पाहीन तिकडे तेच. १९४७च्या हिवाळ्यात वेढलेल्या पूंछमध्ये घाईने केलेल्या पट्टीवर वायुदलाच्या मेहरसिंगांनी डकोटा उतरवला, मग रसद जात राहिली आणि पूंछ टिकलं. त्याच डकोटांतून आमच्या लोकांनी बॉम्ब हातांनी ढकलून टाकले. १९७१ला विंग कमांडर वसिष्ठ यांनी अँटोनोव्ह-१२ या मालवाहू विमानांचीच बॉम्बफेकी विमानं केली आणि छांगा मांगाच्या दारूगोळ्यावर रात्री हल्ला केला, महावीर चक्र मिळालं. मालवाहू कुठे संपतं आणि लढाऊ कुठे सुरू होतं, हे त्या विमानाला तरी सांगता आलं असतं का? कारगिलमध्ये २१ मे १९९९ला फोटो काढायला गेलेल्या कॅनबेराला स्टिंगर क्षेपणास्त्र लागलं, एका इंजिनावर ते श्रीनगरला परतलं. अंगावर शस्त्र नव्हतं, कॅमेरा होता. आठवड्याने तोलोलिंगजवळ रॉकेटं घेऊन गेलेलं एमआय-१७ पडलं, चौघे गेले.

हे सगळं कळूनही मी सार्वजनिकरीत्या काही बदललं नाही, हे नोंदवून ठेवतो. व्याख्यानातलं ६२चं वाक्य तेवढं गाळलं. मित्राला काही बोललो नाही. मनात पटलेलं तोंडाने कबूल करायला मला आणखी कितीतरी वर्षं लागली. त्यासाठी जे व्हावं लागलं ते लिहिताना अजून हात जड होतो.

२७ फेब्रुवारी २०१९. आदल्या पहाटे बालाकोटचा हवाई हल्ला झाला होता. सकाळी नियंत्रण रेषेवर पाकिस्तानी विमानं आली, आपली झेपावली, अभिनंदन वर्धमान यांचं मिग-२१ बायसन पडलं आणि ते पकडले गेले. माझं विमान! दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घालत होतो. ते परतले तेव्हा क्रांती चौकात फटाके वाजले. त्याच आठवड्यात एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं. मी फळ्यावर आकृत्या काढल्या, कोण कुठून आलं, बायसन कसं वर गेलं, जुनं विमान नव्या एफ-१६समोर कसं उभं राहिलं. चाळीस मिनिटं बोललो.

त्याच सकाळी, त्याच लढाईच्या वेळी, श्रीनगरहून उडालेलं वायुदलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर काही मिनिटांत बडगाममध्ये कोसळलं होतं. आतले सहाही जण गेले. त्यांच्यात स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. नाशिकचे. भोसला मिलिटरी स्कूलमधून ते आमच्या शहरात एसपीआयला आले होते आणि इथूनच एनडीएला गेले होते. म्हणजे मी ज्या बाकावर बसलो, त्याच संस्थेतला माझ्या कितीतरी मागचा मुलगा. आणि चाळीस मिनिटांत मी त्यांचं नाव घेतलं नाही. विसरलो असंही नाही. माझ्या डोक्यात ती वेगळी बातमी होती.

शेवटी प्रश्नांच्या वेळी मागून एक मुलगा उभा राहिला. केस बारीक कापलेले, हात पाठीमागे. ‘सर, मांडवगणे सर आमच्या संस्थेचे. ते लढताना गेले, की अपघातात?’

मी म्हणालो, ‘अपघातात. फार दुर्दैवी अपघात.’

‘पण सर, तेव्हा वर लढाई चालू होती ना?’

मला उत्तर सुचलं नाही. तो थोडा वेळ थांबला, ‘थँक यू सर’ म्हणून बसला. बाकीच्यांनी बायसनबद्दल विचारायला सुरुवात केली.

ऑक्टोबरात वायुदल प्रमुख भदौरिया यांनी जाहीर सांगितलं की ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं गेलं होतं, ही मोठी चूक होती. म्हणजे अपघात हा माझा शब्दही खोटा ठरला. ती माणसं लढाईत मारली गेली होती. आकाशात कोण आपला आणि कोण परका हे कळेनासं होणं, भीती, घाई, चुकीचा हुकूम, हेही लढाईतच घडतं. मी वीस वर्षं ज्या आकाशासाठी तयारी केली आणि जे मला कधी लाभलं नाही, त्या आकाशात ते हेलिकॉप्टर होतं. त्यात बसलेल्यांच्या बोटाखाली ट्रिगर नव्हता, म्हणून मी त्यांना वेगळ्या रकान्यात ठेवलं होतं.

त्या मुलाचा प्रश्न माझ्या मागे लागला. रात्री झोप लागेना. मग उलट्या बाजूने विचार करून पाहिला. ट्रिगर ही खूण नसेल, तर कुठली? जिवाला धोका? मग तर प्रशिक्षणातला प्रत्येक अपघात लढाई ठरेल. मिग-२१वर माझे कितीतरी सोबती साध्या सरावात गेले. त्यांचं दुःख मी कधी विसरणार नाही, पण ते युद्धात गेले असं मी म्हणत नाही. सीमा ओलांडणं? ऑपरेशन सिंदूरमध्ये, २०२५च्या मे महिन्यात, आपल्या विमानांनी सीमा न ओलांडताच मारा केला. जमिनीवर क्षेपणास्त्रांच्या गाड्यांत बसलेल्या जवानांनी रात्रभर आकाश राखलं, ते तर उडालेही नाहीत.

ड्रोनचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. २०१३च्या फेब्रुवारीत अमेरिकेने हजारो मैलांवरून ड्रोन चालवणाऱ्यांसाठी नवं पदक जाहीर केलं आणि त्याला ब्रॉन्झ स्टारच्या वरचं स्थान दिलं. जुने सैनिक खवळले. एप्रिलमध्ये ते पदक मागे घ्यावं लागलं. मला दोन्ही बाजू समजतात. खुर्चीत बसून जो माणूस मारतो, त्याच्या बोटाखाली ट्रिगर आहे, म्हणजे माझ्या जुन्या व्याख्येने तो पक्का लढाऊ आणि माझा मित्र नाही. हे कळलं त्या दिवशी ती व्याख्या माझ्यापुरती मेली.

आमच्या मराठवाड्याचा एक धागाही यात आहे. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर बिनशस्त्र, वेगवान विमानांतून फोटो काढायची कल्पना त्याने ब्रिटिशांना पटवली. बंदूक नाही, चिलखत नाही, फक्त उंची आणि वेग. तोच कॉटन १९४८ साली निजामासाठी कराचीहून रात्रीअंधारी शस्त्रं उतरवत होता, बीदरला, वारंगळला. मी जिथे प्रशिक्षक होतो त्याच बीदरला. आमचे आजोबा-पणजोबा ज्या रझाकारांना भीत होते, त्यांच्या बाजूची ही मालवाहू विमानं. ती नुसती ओझी वाहतायत, असं तेव्हा दिल्लीत कुणी म्हटलं नसेल. सप्टेंबरच्या पोलीस कारवाईत वायुदलाने त्याच धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकले.

एवढं सगळं झाल्यावर आज मी काय मानतो? उड्डाण लढाऊ होतं की नव्हतं, हे विमानावरून किंवा वैमानिकाच्या गणवेशावरून मी ठरवत नाही. खाली कुणी त्या उड्डाणाची वाट पाहत होतं का, लढाईत असलेलं, आणि ते आलं नसतं तर त्याचं काय झालं असतं, हे मी विचारतो. सियाचिनवर ही गोष्ट उघड दिसते. १३ एप्रिल १९८४ला कॅप्टन संजय कुलकर्णींच्या तुकडीला चीता हेलिकॉप्टरांनी बिलाफोंड ला खिंडीजवळ उतरवलं, एका वेळी दोन-तीन माणसं, अशा खेपा करत. चीता म्हणजे फ्रेंच लामाच, ज्याने १९७२ साली १२,४४२ मीटर उंचीचा विक्रम केला. पण विक्रम करणाऱ्या लामाला रॉकेलचे कॅन उचलायचे नव्हते. वीस हजार फुटांच्या चौकीवर चीता एका खेपेत कधीकधी एखादा कॅनच नेऊ शकतं. हेलिपॅड म्हणजे टेबलाएवढा बर्फ, समोर पाकिस्तानी तोफा. २००३च्या शस्त्रसंधीपर्यंत तिथे अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त टेकायची सोय नव्हती. तो एक कॅन आला नाही तर चौकीतली माणसं गोठतात. आणि चौकी गेली तर डोंगर जातो.

फायटरची मी किंमत कमी करत नाही. एकट्याने, एका इंजिनावर, रात्री ढगांत शिरणं म्हणजे काय हे मला माहीत आहे, आणि समोरासमोर भिडायला जे काळीज लागतं त्याला तोड नाही, असं मी आजही मानतो. निर्मलजीत सिंग सेखों यांचं परमवीर चक्र हे वायुदलाचं आजवरचं एकमेव परमवीर आहे. ते फायटरचे होते याचा मला अभिमान आहे आणि राहील. माझं चुकलं ते त्यांच्या नावाखाली स्वतःला उभं करण्यात. सेखोंनी जे केलं त्याचं श्रेय त्यांच्या जातीच्या विमानात बसलो म्हणून मला मिळत नव्हतं, पण मी ते घेत आलो.

मिगच्या निरोपानंतर चार दिवसांनी मी मित्राच्या घरी गेलो. सिडकोतलं त्याचं घर, गच्चीवर पारिजातकाचा सडा. वहिनींनी चहा ठेवला. मी सोबत २००४ची ती शाल घेऊन गेलो होतो. काय करायचं होतं त्या शालीचं, मलाही नीट ठाऊक नव्हतं. त्याला द्यायची म्हणजे पुन्हा मीच सत्कार करणारा. मी ती मांडीवरच ठेवली आणि म्हणालो, ‘हुरड्याच्या दिवशी मी तुला जे बोललो ते चूक होतं. यादीही चूक होती. सर गेले, त्यांची माफी मागायची राहिली. तुझी मागतो.’

तो म्हणाला, ‘एकवीस वर्षं लागली तुला.’ रागाने नाही, मोजून सांगितल्यासारखं.

मग तो आत जाऊन लॉगबुक घेऊन आला. निळं कापड कडांना विरलेलं. ऑक्टोबर १९८७चं पान काढलं. मी पूर्वी कधी ते मागितलं नव्हतं. एका ओळीवर त्याने बोट ठेवलं. विमान एमआय-८, कामाच्या रकान्यात फक्त ‘कॅज-इव्हॅक’, म्हणजे जखमी हलवणं, वेळ चाळीस मिनिटं.

‘सात जण होते मागे,’ तो म्हणाला. ‘एकाला दारापाशी आडवं केलं होतं, जागाच नव्हती. तो सारखा विचारत होता, किती वाजले साहेब. मी को-पायलट, मान वळवून सांगायचो. सव्वाचार. मग परत, किती वाजले. चार वीस. मला वाटलं भ्रमात आहे. उतरल्यावर कळलं, त्याची पाळी सहाला बदलायची होती. आपल्या जागी कोण उभं राहणार, याची त्याला काळजी होती.’

‘वाचला?’

‘उतरलो तेव्हा बोलत होता. पुढचं नाही माहीत. आम्हाला लगेच परत जायचं होतं, अजून लोक होते तिकडे.’

वहिनी चहा घेऊन आल्या. त्याने लॉगबुक मिटलं नाही, माझ्याकडे सरकवलं. मी खालची ओळ वाचली. तीच तारीख, तेच विमान, ‘कॅज-इव्हॅक’, पस्तीस मिनिटं. तिच्याखाली आणखी एक.